बाटा, टोमाश

(३ एप्रिल १८७६ – १२ जुलै १९३२). चेकोस्लोव्हाकियातील प्रख्यात पादत्राण-कारखानदार आणि मोरेव्हिया प्रांतातील झ्लीन या गावाचा १९२३ पासून मृत्यूपर्यंत नगराध्यक्ष. ‘बाटा’ हे नाव भारतात इतके परिचित आहे, की ते एखाद्या भारतीय घराण्याचेच असावे, असा अनेकांचा समज असतो. मूळ चेक उच्चार ‘बात्या’ या उच्चाराच्या जवळपास जाणारा आहे. बाटाची ख्याती मुख्यतः स्वस्त जोड्यांचा उत्पादक म्हणून झाली. तथापि एकच व्यक्ती गावाची सर्वांत मोठी मालक, घरमालक आणि नगराध्यक्ष झाली, म्हणजे त्या गावाचे काय होते, हे पाहण्याच्या दृष्टीने त्याची नगराध्यक्षपदाची कारकीर्द कारखानदारीइतकीच महत्त्वाची आहे.

झ्लीन हे द्रेव्हनित्से नदीच्या खोऱ्यातील लहानसे गाव. त्याचा उल्लेख १३२२ पासून आढळतो; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही त्याची वस्ती तीन हजारांच्या आसपासच होती. डोंगराळ मुलूख, बेताची शेती आणि घरोघर चालणारे हातव्यवसाय, असे त्याचे स्वरूप होते. तेव्हा मोरेव्हिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. बाटा घराण्यात जोडे शिवण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. टोमाशचा पिता आंतोनीन हाही जोडे शिवणारा कारागीर. टोमाशची आई तो लहान असतानाच वारली. शालेय शिक्षण थोडकेच झाले. वडिलांच्या कार्यशाळेत तो धंदा शिकला आणि जत्राबाजारांत माल विकण्याचा अनुभवही त्याला लवकर मिळाला. पंधराव्या वर्षी बहिणीच्या आश्रयाने व्हिएन्नात स्वतंत्र धंदा करून पाहण्याचा त्याचा प्रयत्न फसला आणि तो घरी परतला.

टोमाश, त्याचा थोरला भाऊ आंतोनीन व बहीण ॲना या तिघांनी १८९४ मध्ये आईच्या वारशाच्या रकमेतून झ्लीन येथे जोड्यांचा व्यवसाय सुरू केला. ठराविक वेळ आणि आठवड्याची ठरलेली मजुरी, या तत्त्वावर त्यांनी दहा कामगार नेमले. त्या काळच्या खेड्यातील कारागिरीत ही गोष्ट नवीनच होती. वर्षभरातच व्यवसाय कर्जात बुडाला. कातडे विकत घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा जाड कापडाचे वरचे अंग व कातड्याचा तळ असलेले हलके जोडे त्याने तयार केले. हे जोडे स्वस्त असल्याने अतिशय खपले. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे त्याच्या साऱ्या धोरणाचा पाया ठरली : श्रीमंतांसाठी थोडे जोडे करण्यापेक्षा, जे अनवाणी चालतात त्यांच्यासाठी पुष्कळ जोडे करावेत.

झ्लीनला १८९९ मध्ये लोहमार्ग आला आणि पुढच्याच वर्षी बाटाचा कारखाना स्थानकाजवळ हलविण्यात आला. १९०४ मध्ये काही सहकाऱ्यांसह तो अमेरिकेत गेला आणि मॅसॅचूसेट्समधील लिन या पादत्राणांच्या केंद्रात साधा कामगार म्हणून राबला. यंत्रांची रचना, कामाची गती आणि कामगार व मालक यांच्यातील बरोबरीची वागणूक या गोष्टींचा त्याच्यावर मोठा परिणाम झाला. भाऊ आंतोनीन १९०८ मध्ये क्षयाने वारल्यावर व्यवसायाची सर्व सूत्रे त्याच्या एकट्याच्या हाती आली. १९१२ मध्ये व्हिएन्नाच्या राजकीय ग्रंथालयातील एका अधिकाऱ्याची कन्या मारिए मेन्चीकोव्हा हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा टोमाश १९१४ मध्ये जन्मला.

पहिल्या महायुद्धाने त्याच्या व्यवसायास अनपेक्षित बळ दिले. युद्ध सुरू होताच सैन्यासाठी पन्नास हजार जोड बुटांची मागणी त्याने मिळविली आणि ती पुरी करण्यासाठी आपल्याच नव्हे, तर आसपासच्या स्पर्धकांच्या कारागिरांनाही त्याने कामाला लावले. या कामात गुंतलेली माणसे आघाडीवर जाण्यापासून वाचली. युद्ध संपले तेव्हा कारखान्यात हजारो कामगार होते. गावातल्या लोकांच्या मनात बाटाविषयी जी कृतज्ञता व जे परावलंबित्व पुढील काळात एकत्र दिसते, त्यांचा उगम या युद्धकालात शोधावा लागतो.

नव्या चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाच्या प्रारंभीच्या वर्षांत चलनाचे मूल्य वाढविण्याचे धोरण अवलंबिले गेले. १९२२ मध्ये क्राउनचे परदेशी मूल्य झपाट्याने वाढले, निर्यात थंडावली, कोठारे मालाने भरली आणि बेकारी पसरली. इतर कारखानदार किंमती टिकवून धरण्याच्या खटपटीत असताना बाटाने १ सप्टेंबर १९२२ रोजी आपल्या जोड्यांची किंमत एकदम निम्मी केली. महागाईवर आदळणारी वज्रमूठ असे चित्र असलेली त्याची जाहिरातपत्रके देशभर झळकली. या धाडसाची दुसरी बाजू अशी, की त्याने कामगारांची मजुरीही चाळीस टक्क्यांनी कमी केली. मात्र अन्नधान्य व कपडे त्यांना कारखान्याच्या भांडारातून निम्म्या दराने देण्याची हमी दिली. दुकानांपुढे रांगा लागल्या, कोठारे रिकामी झाली आणि अनेक प्रतिस्पर्धी कारखाने बंद पडले.

या विजयानंतर अवघ्या एका वर्षाने तो राजकारणात उतरला. युद्धोत्तर काळात झ्लीनची नगरपालिका डाव्या पक्षांच्या हाती होती आणि कारखाना व नगरपालिका यांच्यात खटके उडत. वाढत्या कामगारवस्तीसाठी जमीन, रस्ते, पाणी व शाळा यांची निकड होती. त्यासंबंधीचे निर्णय ज्या सभागृहात होत, तेथे आपल्या विरोधकांचे बहुमत असावे, हे बाटासारख्या माणसाला मानवणारे नव्हते. १९२३ च्या निवडणुकीत त्याने कोणत्याही देशव्यापी पक्षाचा आधार न घेता स्वतःच्या माणसांची यादी उभी केली. ‘बाटावाले’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गटाने तीसपैकी सतरा जागा जिंकून साम्यवाद्यांचा पराभव केला आणि बाटा नगराध्यक्ष झाला. पुढील १९२७ व १९३१ च्या निवडणुकांत त्याचे बहुमत वाढतच गेले.

नगराध्यक्ष या नात्याने त्याने जे केले, ते थोडक्यात सांगता येत नाही. १९२१ मध्ये सुमारे पावणेपाच हजार वस्ती असलेले झ्लीन १९३० मध्ये एकवीस हजारांच्या वर गेले. नऊ वर्षांत चौपटीहून अधिक वाढ झालेल्या गावात झोपडपट्टी वाढू नये, ही साधी गोष्ट नव्हे. गावाची आखणी फ्रांतिशेक गाहुरा या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविण्यात आली. गाहुरा हा चेक वास्तुकलेतील अध्वर्यू यान कोटेरा याचा शिष्य. कोटेराने बाटाचे निवासस्थान व कामगारवस्तीचा पहिला आराखडा तयार केला होता. नगरभवनाची इमारत गाहुरानेच उभारली. उद्यानात वसलेला कारखाना ही त्याच्या आराखड्यामागील कल्पना होती. डोंगरउतारांवर झाडांच्या रांगांमध्ये विटांची, सपाट छपरांची, घनाकृती छोटी घरे उभी राहिली. प्रत्येक घराभोवती हिरवळ व लहानशी बाग असे. काम एकत्र करावे, पण राहावे स्वतंत्र, असे बाटाचे सूत्र होते. अनेकमजली चाळीत कामगार कोंबण्याची कल्पना त्याला पसंत नव्हती.

सार्वजनिक इमारतींसाठी मात्र कारखान्याचाच सांगाडा वापरण्यात आला. सहा मीटर पंधरा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन हे प्रबलित काँक्रीटच्या रचनेचे मूळ माप ठरविण्यात आले होते. त्याच मापाच्या पटीत शाळा, वसतिगृहे, दुकाने बांधली गेली. त्यामुळे साचे पुन्हा पुन्हा वापरता येत, खर्च कमी होई आणि बांधकाम विलक्षण वेगाने पुरे होई. रुग्णालय १९२७ मध्ये सुरू झाले आणि त्याची धुरा डॉ. बोहुस्लाव्ह आल्बर्ट या शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे देण्यात आली. प्रजासत्ताकाचा अध्यक्ष मासारिक याच्या नावाने शाळा उघडल्या. बहुमजली विक्रीभवन व दोन हजारांहून अधिक प्रेक्षक सामावणारे भव्य चित्रपटगृह यांनी ‘श्रमचौक’ या नव्या मध्यवर्ती चौकाला आकार आला. कारखान्याच्या फाटकासमोर हा चौक असावा, जुन्या बाजारपेठेत नव्हे, यात गावाचे केंद्र कोठून कोठे सरकले होते, हे स्पष्ट दिसते.

या कामाला लागणारा पैसा व कौशल्य कोठून आले, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. नगरपालिकेचे उत्पन्न आणि कारखान्याची भरभराट एकमेकांत गुंतलेली होती. बांधकाम कारखान्याचा बांधकामविभाग करी आणि घरे कारखान्याच्याच मालकीची असत. नगरपालिका व कारखाना यांच्यामधील सीमारेषा नकाशावर दाखविता येई. व्यवहारात ती आढळत नसे. समर्थक म्हणत, की यामुळे कज्जे, लालफीत आणि दलाली टळली. ते खरेही आहे. परंतु नगरपालिकेने कारखान्यावर देखरेख ठेवायची, तर ती कोणी ठेवायची, या प्रश्नाला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

कारखान्यातील अंतर्गत व्यवस्थाही याच वृत्तीची निदर्शक आहे. १९२४ पासून प्रत्येक कार्यशाळा हा स्वतंत्र हिशेबाचा घटक मानण्यात आला. एका विभागाने दुसऱ्याकडून ठरलेल्या किंमतीने माल विकत घ्यावा, आठवड्याचा नफातोटा फलकावर मांडावा आणि त्या नफ्यात तेथील कामगारांना वाटा मिळावा, अशी ही योजना होती. वाटा सर्वांना मिळत नसे आणि मिळालेल्या रकमेचा काही भाग दहा टक्के व्याजाने कारखान्याकडेच ठेवावा लागे. कामगार स्वतःला छोटा धंदेवाईक मानू लागावा, हा यातील हेतू. चलत्पट्ट्यावरील उत्पादन १९२७ मध्ये आले. त्यापूर्वी, १९१९–२० मधील दुसऱ्या अमेरिकायात्रेत त्याने हेन्री फोर्डचे कारखाने पाहिले होते. मात्र फोर्डच्या पद्धतीची तो नक्कल करीत होता, असे म्हणणे अपुरे आहे. कार्यशाळांच्या स्वायत्ततेची कल्पना त्याची स्वतःची होती आणि आजही व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक तिची दखल घेतात. १९३० मध्ये त्याने पाच दिवसांचा कामाचा आठवडा सुरू केला. युरोपातील बहुतेक कारखान्यांत तेव्हा शनिवारही राबण्याचा असे.

तरुण कामगार घडविण्यासाठी १९२५ मध्ये श्रमविद्यालय स्थापन झाले. चौदा-पंधरा वर्षांची मुले वसतिगृहात राहत, दिवसा कारखान्यात काम करीत, संध्याकाळी शिकत आणि स्वतःच्या कमाईतून आपला खर्च भागवीत. पहाटेच्या व्यायामापासून बचतीच्या वहीपर्यंत त्यांचे जीवन आखलेले असे. यातूनच पुढे जगभर पसरलेल्या बाटा कारखान्यांचे अनेक व्यवस्थापक तयार झाले. एक मे हा कामगारदिनही बाटाने विरोधकांकडे राहू दिला नाही. १९२४ पासून कारखान्याच्याच वतीने मिरवणुका, संगीत व भाषणे यांसह तो साजरा होऊ लागला आणि नगराध्यक्ष स्वतः कामगारांपुढे बोलू लागला.

या चित्राची काळी बाजू समकालीनांनाही दिसत होती. कारखान्यात स्वतंत्र कामगार संघटनेला थारा नव्हता. नोकरी गेली, की घरही सोडावे लागे. प्रत्येक नोकराची नोंद कर्मचारी-विभागात काळजीपूर्वक ठेवली जाई व तीत त्याच्या खाजगी आयुष्याचाही अंतर्भाव असे. कारखान्याचे स्वतःचे वृत्तपत्र होते. ज्याच्याकडून मजुरी, घर, औषधोपचार व वर्तमानपत्र मिळते, त्याच्याच विरुद्ध मत देण्याइतके स्वातंत्र्य मतदाराला कितपत उरते, हा प्रश्न त्या निवडणुकांचे आकडे वाचताना डोळ्यांआड करता येत नाही. मतदान गुप्त होते आणि बाटाला मिळालेली मते मोठ्या प्रमाणात मनापासूनची होती, हे मान्य करूनही हा प्रश्न उरतोच. रूडॉल्फ फिलिप याने १९२८ मध्ये जर्मन भाषेत लिहिलेल्या टीकात्मक पुस्तकात त्याला ‘अज्ञात हुकूमशहा’ म्हटले; बाटाने त्याच्यावर खटला भरला. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयाने १९३० मध्ये झ्लीनमधील पद्धतीचा व तिच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाटाच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये जाहिरात-विभागात काम केलेल्या ट. स्वातोप्लुक या लेखकाने ‘बोटोस्त्रोय’ ही कादंबरी लिहिली. कारखान्याने न्यायालयात जाऊन तिच्यावर बंदी मिळविली. स्तुती व निंदा यांपैकी कोणतीही एक बाजू घेऊन बाटाचे मूल्यमापन करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. त्याच्या रुग्णालयात बरे झालेले आणि त्याच्या कारखान्यातून काढून टाकले गेलेले, असे दोन्ही प्रकारचे साक्षीदार एकाच गल्लीत राहत होते, हे त्या लेखकांच्या ध्यानात क्वचितच येते.

महामंदीच्या काळात अनेक देशांनी आयातीवर जबर जकाती बसविल्या. तेव्हा माल पाठविण्याऐवजी कारखानाच परदेशी न्यावा, असे बाटाने ठरविले. १९३१ मध्ये उद्योगाचे संयुक्त भांडवल कंपनीत रूपांतर झाले आणि जर्मनी, यूगोस्लाव्हिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स, इंग्लंड इ. देशांत कारखान्यांची योजना आखली गेली. यांतील बहुतेक ठिकाणी झ्लीनच्याच नमुन्यावर विटांची घरे, वसतिगृह व कारखाना असलेली छोटी वसाहत उभी राहिली.

भारताशी त्याचा संबंध याच काळात दृढ झाला. १९३१ च्या अखेरीस तो स्वतःच्या विमानाने पूर्वेच्या दीर्घ दौऱ्यावर निघाला व भारतातही आला. कोट्यवधी लोक अनवाणी चालणाऱ्या या देशात त्याला अडचणीपेक्षा संधीच अधिक दिसली. भारतीय कंपनीची नोंदणी १९३१ मध्ये झाली. १९३२ मध्ये कलकत्त्याजवळ हुगळीकाठी कोन्नगर येथे उत्पादनास प्रारंभ झाला आणि १९३४ मध्ये कलकत्त्याच्या दक्षिणेस बाटानगर वसविण्यात आले. नदी, कारखाना, कामगारांची घरे व मैदाने ही तेथील मांडणी झ्लीनशी ताडून पाहण्याजोगी आहे. नऊ या अंकाने संपणाऱ्या किंमतीची बाटाची प्रथाही भारतीय ग्राहकांच्या अंगवळणी पडली. मराठीत थट्टेने वापरला जाणारा ‘बाटाची किंमत’ हा शब्दप्रयोग तिचाच अवशेष होय. बाटानगर पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते.

१२ जुलै १९३२ रोजी पहाटे स्वित्झर्लंडमधील म्यलीन येथील नव्या कारखान्याकडे जाण्यासाठी तो झ्लीनजवळच्या ओट्रोकोव्हित्से विमानतळावर आला. दाट धुके पडले होते. त्याचे युंकर्स विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले व त्यात बाटा आणि वैमानिक यिंड्रिख ब्रोउचेक हे दोघेही ठार झाले. झ्लीनच्या डोंगरावर नव्यानेच आखलेल्या, झाडी न तोडता केलेल्या वन-दफनभूमीत दोघांचे दफन करण्यात आले. त्याच्या मृत्युसमयी उद्योगात सोळा हजारांहून अधिक लोक काम करीत होते. ‘विचार आणि भाषणे’ या अर्थाच्या शीर्षकाने त्याच्या लेखनाचा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

उद्योगाची सूत्रे सावत्रभाऊ यान आंतोनीन बाटा याच्याकडे, तर नगराध्यक्षपद कारखान्याचाच एक संचालक डोमिनिक चिपेरा याच्याकडे गेले. चिपेरा १९४५ पर्यंत त्या पदावर होता. म्हणजे १९२३ पासून बावीस वर्षे झ्लीनचे नगराध्यक्षपद कारखान्याच्या बाहेर गेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. यान आंतोनीनला १९४७ मध्ये त्याच्या अनुपस्थितीत शिक्षा ठोठावण्यात आली. ती अन्याय्य असल्याचा निर्वाळा चेक न्यायालयाने २००७ मध्ये दिला. टोमाशचा मुलगा युद्धापूर्वीच कॅनडात गेला होता व तेथून त्याने जगभरच्या कंपन्या पुन्हा एकत्र आणल्या.

साम्यवादी राजवटीने १९४९ मध्ये गावाचेच नाव बदलून अध्यक्ष गोटव्हाल्ट याच्या नावावरून गोटव्हाल्डोव्ह असे ठेवले. बाटाचे नाव इमारतींवरून व पाठ्यपुस्तकांतून पुसले गेले. पण त्याने ठरविलेल्या मापाच्या इमारती, त्याची घरे व त्याचे रुग्णालय वापरात राहिलेच. १९८९ च्या डिसेंबरात, राजवट कोसळत असताना, त्याचा मुलगा गावी आला तेव्हा त्याच्या स्वागताला प्रचंड जनसमुदाय लोटला. १९९० मध्ये झ्लीन हे जुने नाव परत आले आणि २००१ मध्ये तेथे टोमाश बाटा विद्यापीठ सुरू झाले. गाहुराने १९३३ मध्ये बांधलेल्या काच व काँक्रीटच्या स्मारकाचा पुनरुद्धार होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले. त्याच्या रिकाम्या दालनात बाटाच्या युंकर्स विमानाची प्रतिकृती टांगलेली आहे.